वजनकाटा न थांबवता पोर्टला कुलूप : एका साखर कारखान्यातले ८०२.१एक्स

## पार्श्वभूमी

मांजरा खोऱ्यातला एक सहकारी साखर कारखाना. तिथल्या नेटवर्कच्या पोर्टवर ८०२.१एक्स, म्हणजे जोडलेल्या उपकरणाची ओळख पटल्यावरच पोर्ट उघडणारी पद्धत, कशी लावली त्याची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक बाजू मात्र आहे तशी ठेवली आहे. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऊस असेल त्याप्रमाणे मार्च-एप्रिलपर्यंत चालते. या काळात कारखाना चोवीस तास चालू असतो. नेटवर्कवर काही मोठे काम करायचे तर मे ते सप्टेंबर एवढीच फट मिळते.

नेटवर्क गरजेप्रमाणे वाढत गेलेले होते. आधी मुख्य कार्यालय, मग शेतकी विभाग, टाइम ऑफिस, प्रयोगशाळा, स्टोअर, डिस्टिलरी आणि शेवटी केनयार्ड व चार वजनकाटे. सिस्को आयओएस चालवणारे २४ पोर्टचे १८ स्विच, मध्यभागी दोन कोअर स्विच, आणि जागोजागी टेबलाखाली ठेवलेले पाच-आठ पोर्टचे साधे स्विच. सगळे एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच आभासी नेटवर्कमध्ये. मिल आणि बॉयलरची नियंत्रण यंत्रणा पहिल्यापासून वेगळ्या तारेवर होती. ती तशीच ठेवली आणि या कामाच्या बाहेर ठेवली.

काट्याचे महत्त्व बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. भरलेल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे वजन, दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. त्याच आकड्यावर ऊसबिल निघते, आणि ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ते ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असते. मराठवाड्यात काटामारीचा संशय जुना आहे. काट्यावरचा संगणक अर्धा तास जरी गप्प बसला तरी रांगेतला ट्रॅक्टरवाला तो बिघाड समजत नाही, भलतेच काही समजतो. म्हणून इथे सुरक्षेचा विचार करताना ‘चोर आत येऊ नये’ आणि ‘काटा थांबू नये’ या दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या होत्या.

## अडचण

ऐन हंगामात एका रात्री पाळी बदलल्यावर काट्यावरून फोन आला : “साहेब, आकडा काट्यावर दिसतोय, पण संगणकात येईना. गाड्या थांबल्यात.” चारपैकी दोन काटे बंद, दोन चालू. बंद काट्यांच्या संगणकांना १०ने सुरू होणाऱ्या पत्त्याऐवजी १९२.१६८.१ मालिकेतला पत्ता मिळाला होता. म्हणजे नेटवर्कवर दुसरा कोणीतरी डीएचसीपीने, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेने, पत्ते वाटत होता. पाळी बदलताना जे संगणक पुन्हा सुरू झाले, त्यांनी जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतला. जे चालूच राहिले ते वाचले.

शोध असा लागला. बंद पडलेल्या संगणकावर गेटवेचा, म्हणजे बाहेर जायचा रस्ता देणाऱ्या उपकरणाचा, मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) पाहिला. तो कोअर स्विचच्या मॅक तक्त्यात कोणत्या पोर्टवर आहे ते काढले, मग त्या पोर्टमागच्या स्विचवर तेच केले. तिसऱ्या स्विचवर पोर्ट सापडला; पण भिंतीतल्या कोणत्या सॉकेटला तो जातो हे कुठेच लिहिलेले नव्हते. केनयार्डच्या विश्रांती खोलीत एका ठेकेदाराच्या माणसाने मोबाइलला इंटरनेट मिळावे म्हणून घरचा वाय-फाय राउटर लावला होता. तार राउटरच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये होती. एवढ्याने अडीच तास गेले आणि त्यातला बराचसा वेळ सॉकेट शोधण्यात गेला.

त्यात लबाडी काही नव्हती. पण कार्यकारी संचालकांनी विचारलेला प्रश्न बिनतोड होता : राउटरऐवजी कोणी लॅपटॉप लावला असता आणि गप्प बसून काट्याचा डेटा बघत राहिला असता, तर कळले असते का? नसते कळले.

पुढच्या आठवड्यात सर्व स्विचचे मॅक तक्ते गोळा केले. २७२ पत्ते निघाले : १३१ संगणक, ६२ कॅमेरे, ३४ प्रिंटर, १४ आयपी फोन, ९ बायोमेट्रिक हजेरी यंत्रे, ६ वाय-फाय अॅक्सेस पॉइंट, काट्यांवरचे ४ आणि प्रयोगशाळेतला १ असे ५ सीरियल-इथरनेट कन्व्हर्टर. उरलेले ११ कशाचे हे कोणालाच सांगता येईना. या यादीतून आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचा सगळा आराखडा तिच्यावर उभा राहिला : निम्म्याहून जास्त उपकरणे अशी होती, ज्यांच्याकडून सर्टिफिकेट किंवा पासवर्ड देऊन ओळख पटवण्याची अपेक्षाच करता येत नव्हती.

## विचारात घेतलेले पर्याय

फक्त पोर्ट-सिक्युरिटी. रिकामे पोर्ट बंद करायचे, चालू पोर्टवर पहिला दिसलेला मॅक पत्ता चिकटवून ठेवायचा. खर्च शून्य. पण संगणक एका टेबलावरून दुसऱ्यावर नेला की पोर्ट बंद पडणार, आणि मॅक पत्ता प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेलाच असतो. पूर्ण नेटवर्कसाठी हा पर्याय बाजूला ठेवला. काट्यांसाठी मात्र पुढे उपयोगी पडला.

फक्त डीएचसीपी स्नूपिंग आणि एआरपी तपासणी. पहिले अनधिकृत डीएचसीपी उत्तरे गाळते, दुसरी कोणी दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून सांगू नये हे पाहते. त्या रात्रीचा नेमका प्रकार याने थांबला असता. पण कोण जोडला आहे हा प्रश्न तसाच राहिला असता. आवश्यक, पण पुरेसा नाही.

८०२.१एक्स, पासवर्डवर. पीईएपी आणि एमएसचॅप व्ही२, म्हणजे नाव-पासवर्डवर ओळख पटवण्याची पद्धत. लावायला सोपे. पण टाइम ऑफिसमध्ये आणि काट्यावर तीन पाळ्यांत एकच लॉगिन वापरले जाते, त्यामुळे पासवर्ड हा पुरावाच नव्हता. शिवाय विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज संगणकांवर क्रेडेन्शियल गार्ड हा पासवर्ड जपणारा पहारा आपोआप चालू होतो आणि या पद्धतीचे आपोआप लॉगिन अडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

८०२.१एक्स, संगणकाच्या सर्टिफिकेटवर. बाकीच्यांना मॅक पत्त्यावरून ओळख. सर्टिफिकेटसाठी ईएपी-टीएलएस, मॅक पत्त्यासाठी मॅब. कारखान्याच्या विंडोज डोमेनमध्ये (संगणक आणि खाती सांभाळणारी मध्यवर्ती व्यवस्था) सर्टिफिकेट सेवा आधीच होती, त्यामुळे संगणकांना सर्टिफिकेट ग्रुप पॉलिसीने आपोआप देता येत होती. निवड याचीच झाली, वर दुसरा पर्यायही जोडून.

रेडियस सर्व्हर, म्हणजे स्विचने विचारल्यावर कोणाला आत घ्यायचे ते सांगणारा सर्व्हर, कोणता घ्यायचा यावर वेगळी चर्चा झाली. विंडोजचा एनपीएस फुकटात हाताशी होता. पण त्यात मॅबसाठी प्रत्येक उपकरणाचे डोमेनमध्ये खाते लागते, ज्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही तोच मॅक पत्ता. डोमेनचे पासवर्ड धोरण ते स्वीकारत नाही. स्वीकारावे म्हणून धोरण सैल केले तर १३० कमजोर खाती डोमेनमध्ये बसतात. म्हणून फ्रीरेडियस घेतला. मॅक पत्ते साध्या मजकूर फाइलमध्ये राहतात आणि त्या नोंदीने दुसरीकडे कुठेही लॉगिन होत नाही. दोन सर्व्हर : एक सर्व्हर रूममधले आभासी यंत्र, दुसरा कोअर स्विचच्याच रॅकमध्ये ठेवलेला बिनपंख्याचा छोटा संगणक, त्याचा यूपीएस वेगळा.

## खरा निर्णय : सर्व्हर बोलला नाही तर

८०२.१एक्स लावताना बहुतेक वेळ ‘कोणाला आत घ्यायचे’ यावर जातो. या कारखान्यात चर्चा उलट बाजूने सुरू केली आणि ते योग्य झाले : ओळख पटवताच आली नाही, तर प्रत्येक पोर्टने काय करावे? ओळख न पटण्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींना स्विच वेगवेगळे वागतो.

पहिला प्रकार, जोडलेले उपकरण काही बोलतच नाही. स्विच ईएपीओएल, म्हणजे ८०२.१एक्सची ओळख विचारणारी, चौकशी पाठवतो, उत्तर येत नाही. आयओएसच्या मूळ मूल्यांत ३० सेकंदांची वाट तीनदा पाहिली जाते, म्हणजे ९० सेकंद, आणि मग मॅबकडे वळतो. तोवर प्रिंटर किंवा कॅमेरा डीएचसीपीचा नाद सोडून १६९.२५४ मालिकेतला पत्ता घेऊन बसतो. टीएक्स-पीरियड, म्हणजे दर वेळची वाट, ७ सेकंदांवर आणून ही वाट २१ सेकंदांवर आणली. आणखी कमी केले नाही, कारण जुने संगणक सुरू होताना विंडोजची वायर्ड ऑटोकॉन्फिग सेवा उशिरा जागी होते.

दुसरा प्रकार, रेडियस सर्व्हरच उत्तर देत नाही. वीज गेली, फायबर तुटले, सर्व्हर बंद पडला. यासाठी ‘ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर डेड अॅक्शन ऑथोराइझ व्हीलॅन’ ही आज्ञा आहे.

तिसरा प्रकार, सर्व्हर जिवंत आहे आणि ‘नाही’ म्हणतो. इथे ‘सर्व्हर डेड’ची सोय काहीही कामाची नसते. हा फरक कागदावर सगळ्यांना माहीत होता. त्याचा अर्थ ऑगस्टमध्ये कळला, तो प्रसंग पुढे येतो.

प्रत्येक जागेसाठी तक्ता केला. कार्यालयातल्या पोर्टना सर्व्हर मेल्यास ‘आणीबाणी’ व्हीलॅन : तिथून ऊस-नोंदीचे सॉफ्टवेअर आणि डोमेन सर्व्हर दिसतात, इंटरनेट नाही. विश्रांती खोली, गेट, अतिथीगृह, सभागृह अशा कोणीही जाऊ शकेल त्या जागी सर्व्हर मेला तर पोर्ट बंदच. आयपी फोन असलेल्या पोर्टवर आवाजाच्या व्हीलॅनसाठी ‘सर्व्हर डेड’ची वेगळी ओळ लागते. ती विसरली तर संगणक चालतो आणि फोन मुका होतो.

वजनकाट्यांसाठी ८०२.१एक्स लावायचेच नाही असे ठरले. संचालक मंडळाला हे आधी पटेना, कारण सगळा खटाटोप काट्यामुळेच सुरू झाला होता. कारण तांत्रिक होते. काट्याच्या इंडिकेटरवर वैधमापन विभागाचे सील असते, त्याला हात लावता येत नाही. त्याच्या सीरियल पोर्टमधून तार कन्व्हर्टरला जाते आणि कन्व्हर्टर नेटवर्कवर. हा कन्व्हर्टर स्वतःहून कधीच बोलत नाही. सॉफ्टवेअरने विचारले की उत्तर देतो. मॅबला मात्र उपकरणाकडून आधी एखादे तरी पॅकेट यावे लागते, तेव्हाच त्याचा मॅक पत्ता कळतो. पोर्ट बंद असल्याने सॉफ्टवेअरची चौकशी आत पोचत नाही, चौकशी नाही म्हणून कन्व्हर्टर गप्प, तो गप्प म्हणून पोर्ट बंद. ‘ऑथेंटिकेशन कंट्रोल-डायरेक्शन इन’ लावले तर बाहेर जाणारे पॅकेट पोर्ट अडवत नाही, एआरपीची, म्हणजे ‘हा पत्ता कोणाचा’ अशी, हाक कन्व्हर्टरपर्यंत जाते आणि तो उत्तरतो. पण त्यासाठी पोर्टवर व्हीलॅन आधीपासून स्थिर बसवलेला हवा. चाचणीत हे चालले. तरी हंगामात वीज परत आल्यावर प्रत्येक वेळी हा खेळ जमेलच असे धरून चालणे योग्य वाटले नाही.

म्हणून काट्यांना स्वतंत्र व्हीलॅन दिला आणि त्यातून फक्त ऊस-नोंदीच्या सर्व्हरचा एकच पत्ता व एकच पोर्ट खुला ठेवला. स्विच-पोर्टवर पोर्ट-सिक्युरिटी, एकच मॅक पत्ता, उल्लंघन झाल्यास ‘रिस्ट्रिक्ट’. ‘शटडाउन’ हे मूळ मूल्य मुद्दाम बदलले, नाहीतर कोणी चुकून दुसरी तार लावताच काटा बंद पडला असता. कन्व्हर्टर आणि स्विच दोन्ही कुलूपबंद लोखंडी पेटीत. पोर्ट-सिक्युरिटी आणि ८०२.१एक्स एकाच पोर्टवर एकत्र लावू नयेत. दोघेही मॅक पत्त्यांचा हिशेब आपापल्या पद्धतीने ठेवतात आणि कोणामुळे अडले ते कळत नाही.

## काय केले

मे महिन्यात आधी लेबल. प्रत्येक सॉकेट, पॅच पॅनल आणि स्विच-पोर्टला एकच क्रमांक, आणि तोच स्विचमध्ये पोर्टच्या वर्णनात. याच फेरीत ते ११ अनोळखी पत्ते उलगडले : बहुतेक जुने प्रिंट सर्व्हर आणि विसरलेले कॅमेरे, दोन कर्मचाऱ्यांचे खासगी लॅपटॉप. टेबलाखालचे साधे स्विच काढले. त्यांच्यामागे संगणक असला की दोन अडचणी येतात. ईएपीओएलची पॅकेट ०१-८०-सी२-००-००-०३ या राखीव पत्त्यावर जातात आणि नियम पाळणारा स्विच ती पुढे पाठवत नाही. शिवाय मागचा संगणक काढला तरी मुख्य स्विचला लिंक पडलेली दिसत नाही, त्यामुळे जुनी परवानगी चालूच राहते.

मग स्विचची मांडणी. ‘एएए न्यू-मॉडेल’ ही पहिलीच आज्ञा धोक्याची आहे. ती देताच दूरस्थ लॉगिनची पद्धत बदलते, आणि स्विचमध्ये स्थानिक वापरकर्ता नसेल तर तुम्ही बाहेर. म्हणून प्रत्येक स्विचवर आधी स्थानिक वापरकर्ता, दुसरे सत्र उघडे ठेवून चाचणी, मगच पुढे. त्यानंतर रेडियसचे दोन सर्व्हर १८१२ आणि १८१३ पोर्टवर, ‘डॉट१एक्स सिस्टम-ऑथ-कंट्रोल’, आणि पोर्टवर हा साचा :

स्विचपोर्ट मोड अॅक्सेस
ऑथेंटिकेशन होस्ट-मोड मल्टी-ऑथ
ऑथेंटिकेशन ओपन
ऑथेंटिकेशन ऑर्डर डॉट१एक्स मॅब
ऑथेंटिकेशन प्रायॉरिटी डॉट१एक्स मॅब
ऑथेंटिकेशन इव्हेंट फेल अॅक्शन नेक्स्ट-मेथड
ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर अलाइव्ह अॅक्शन रीइनिशियलाइझ
ऑथेंटिकेशन पीरियॉडिक
ऑथेंटिकेशन टायमर रीऑथेंटिकेट सर्व्हर
ऑथेंटिकेशन पोर्ट-कंट्रोल ऑटो
मॅब
डॉट१एक्स पीएई ऑथेंटिकेटर
डॉट१एक्स टाइमआउट टीएक्स-पीरियड ७
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

‘ओपन’ ही ओळ असेपर्यंत पोर्ट कोणालाही अडवत नाही, फक्त नोंद करतो. जून आणि जुलै असे गेले. या टप्प्यात एक काळजी घ्यावी लागते : ‘ओपन’ असला तरी रेडियसने व्हीलॅन पाठवला तर स्विच तो लावतो. त्यामुळे निरीक्षणाच्या काळात सर्व्हरकडून व्हीलॅनची तीन वैशिष्ट्ये पाठवलीच नाहीत. ती म्हणजे टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीत व्हीलॅनचा क्रमांक. रोज सकाळी सर्व्हरच्या नोंदीतून नापास झालेल्यांची यादी काढायची आणि प्रत्यक्ष त्या टेबलाजवळ जायचे. यादी रिकामी झाली त्या विभागातला ‘ओपन’ काढायचा. आधी संगणक विभाग, मग लेखा, मग स्टोअर, शेवटी केनयार्ड.

अनोळखी मॅक पत्त्याला नकार द्यायचा नाही, ‘दुरुस्ती’ व्हीलॅन द्यायचा असे ठरले. त्यातून फक्त डीएचसीपी, डोमेन कंट्रोलर, सर्टिफिकेट सर्व्हर आणि वेळेचा सर्व्हर दिसतो. इथे एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची ठरली. दुरुस्ती व्हीलॅनसाठी सर्व्हर सेशन-टाइमआउट ६०० सेकंद पाठवतो. सोबत टर्मिनेशन-अॅक्शन ‘रेडियस-रिक्वेस्ट’ पाठवली तर स्विच दर दहा मिनिटांनी पुन्हा मॅबच करतो, सर्टिफिकेट विचारतच नाही. ‘डिफॉल्ट’ पाठवली तर सत्र मोडून सुरुवातीपासून, म्हणजे ८०२.१एक्सपासून, पुन्हा विचारणा होते. इथे ‘डिफॉल्ट’ हवी. कॅमेऱ्यांसाठी ‘रेडियस-रिक्वेस्ट’, म्हणजे चित्र मध्येच तुटत नाही.

मॅब ही खरी ओळख नव्हे, हे कधी नजरेआड होऊ दिले नाही. कॅमेऱ्याचा पत्ता उचलून कोणी लॅपटॉप लावला तर तो कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये जाईल, आणि तिथून फक्त रेकॉर्डर दिसतो. प्रिंटरच्या व्हीलॅनमधून फक्त प्रिंट सर्व्हर. मॅबवर आलेल्या उपकरणाला तेवढेच द्यावे जेवढे चोराच्या हाती गेले तरी चालेल. रेडियसची देवाणघेवाण वेगळ्या व्यवस्थापन व्हीलॅनमधून नेली. जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ब्लास्टरेडियस त्रुटीपासून (तिच्यामुळे रेडियसचे उत्तर बनावट करता येते) ईएपीच्या विनंत्या मेसेज-ऑथेंटिकेटर या संदेशावरच्या सहीमुळे सुरक्षित राहतात, मॅबच्या साध्या विनंत्या आपोआप राहत नाहीत. म्हणून स्विचची फर्मवेअर हे वैशिष्ट्य पाठवते याची खात्री करून फ्रीरेडियसमध्ये ते सक्तीचे केले.

डीएचसीपी स्नूपिंग सर्वांत शेवटी. दोन गोष्टी आधीच माहीत असल्याने त्रास वाचला. ऑप्शन ८२, म्हणजे विनंती कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती, आपोआप जोडला जातो आणि काही डीएचसीपी सर्व्हर अशी विनंती टाकून देतात. म्हणून तो बंद केला. दुसरे, स्नूपिंगचा तक्ता स्विचच्या स्मृतीत असतो आणि वीज गेली की पुसला जातो. त्यानंतर एआरपी तपासणी प्रत्येकाला खोटे ठरवते. तक्ता टीएफटीपीने सर्व्हरवर साठवायला लावला आणि स्विचची घड्याळे एनटीपी या वेळ-सेवेला जोडली. हाताने पत्ता दिलेले सगळे प्रिंटर आणि कॅमेरे डीएचसीपी आरक्षणावर आणले. ते न करता एआरपी तपासणी लावली असती तर ६२ कॅमेरे एकदम काळे झाले असते.

## कुठे अडले

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी लेखा विभागातले संगणक एकेक करून दुरुस्ती व्हीलॅनमध्ये पडू लागले. सगळे एकदम नाही. ज्याची फेरतपासणीची वेळ येई तो पडे, त्यामुळे आधी तारेवर संशय गेला. रेडियस सर्व्हर दोन्ही चालू, दोन्ही उत्तर देत होते, आणि उत्तर नकाराचे होते. फ्रीरेडियस ‘-एक्स’ पर्यायाने चालवून पाहिल्यावर ओळ दिसली : रद्द सर्टिफिकेटांच्या यादीची, म्हणजे सीआरएलची, मुदत संपली आहे. विंडोजच्या सर्टिफिकेट सेवेत या यादीची मूळ मुदत एक आठवडा असते. मांडणीच्या वेळी ती हाताने एकदा आणून ठेवली होती. यादी जुनी झाली की सर्व्हर कोणाचेच सर्टिफिकेट मानत नाही.

आणीबाणी व्हीलॅन इथे जागा झाला नाही, कारण सर्व्हर मेलाच नव्हता. हंगामात हे झाले असते तर दोन तासांत अर्धे कार्यालय बसले असते. त्यानंतर केलेले बदल : यादीची मुदत दोन आठवडे, दर सहा तासांनी ती दोन्ही सर्व्हरवर आपोआप आणणे, ती उचलण्यासाठी सेवा एकामागून एक पुन्हा सुरू करणे, आणि मुदत तीन दिवसांवर आली की संगणक विभागाला संदेश.

दुसरी अडचण जुन्या संगणकांच्या बायोस बॅटरीची. केनयार्ड आणि गट कार्यालयातले संगणक उन्हाळाभर बंद असतात. सीआर२०३२ बॅटरी संपली की सुरू होताना घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संगणकाच्या दृष्टीने त्याचे स्वतःचे सर्टिफिकेट अजून लागूच झालेले नसते, सर्व्हरचेही नसते. ओळख फसते, नेटवर्क नाही, आणि नेटवर्क नाही म्हणून घड्याळ दुरुस्त होत नाही. दुरुस्ती व्हीलॅनमधून डोमेन कंट्रोलरची वेळ मिळते आणि दहा मिनिटांनी संगणक आपोआप आत येतो. तरी सगळ्या हंगामी संगणकांच्या बॅटऱ्या सरसकट बदलल्या.

याच हंगामी संगणकांचे सर्टिफिकेटही अडले असते. मूळ साच्यात मुदत एक वर्ष आणि नूतनीकरण शेवटच्या सहा आठवड्यांत. ते सहा आठवडे संगणक बंद असतील तर मुदत संपूनच जाते. मुदत दोन वर्षांची केली आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी दोन आठवडे प्रत्येक हंगामी संगणक एक दिवस चालू ठेवायचा, हे हंगामपूर्व कामांच्या यादीत घातले.

मिल हाउसजवळच्या एका स्विचवर काही पोर्ट दिवसातून अनेकदा ओळख पटवत होते. कारण सुरक्षेचे नव्हते. कंपनाने आणि उडणाऱ्या बगॅसच्या भुशाने आरजे-४५ जोड सैल झाले होते. लिंक पडे, उठे आणि प्रत्येक वेळी पुन्हा चौकशी होई. पूर्वी एका सेकंदाचा खंड कोणाला जाणवत नव्हता, आता तो २१ सेकंदांचा झाला. जोड नव्याने क्रिम्प केले, स्विच धूळबंद पेटीत नेला.

## निकाल

सप्टेंबरअखेर काटे सोडून सर्व पोर्टवरचा ‘ओपन’ निघाला. त्यानंतर गाळप संपेपर्यंत स्विचच्या मांडणीत बदल करायचा नाही असा नियम केला आणि पाळला. हंगाम सुरू होण्याआधी तसाच घरगुती राउटर, तसाच लॅन पोर्टमध्ये, त्याच विश्रांती खोलीत मुद्दाम लावून पाहिला. पोर्टने त्याला दुरुस्ती व्हीलॅनमध्ये टाकले, त्याचे डीएचसीपी प्रस्ताव स्नूपिंगने गाळले आणि संगणक विभागाच्या पडद्यावर सॉकेटच्या क्रमांकासह नोंद उमटली.

हंगामात एका रात्री वीज गेली आणि सर्व्हर रूमचा यूपीएस लवकर दमला. कोअरच्या रॅकमधला छोटा संगणक चालू राहिला, म्हणून आणीबाणी व्हीलॅनची वेळच आली नाही. दुसऱ्यांदा केनयार्डकडची फायबर जेसीबीने तोडली. तिथले पोर्ट तक्त्याप्रमाणे वागले. 

त्रासही झाला. रात्रपाळीत एक बिघडलेला कॅमेरा बदलला, नव्याचा मॅक पत्ता नोंदवलेला नव्हता आणि सकाळपर्यंत ती जागा दिसली नाही. तेव्हापासून नेटवर्कला लागणारे प्रत्येक उपकरण स्टोअरमध्ये आवक होतानाच त्याचा मॅक पत्ता नोंदला जातो. बदली कॅमेऱ्यांचे पत्ते आधीच यादीत असतात.

## वेगळे काय करता आले असते

नकाराची चाचणी सुरुवातीलाच करायला हवी होती. सर्व्हर बंद करून पाहणे सगळ्यांना सुचते आणि इथेही तेच झाले. सर्व्हर चालू ठेवून सीआरएल मुद्दाम जुनी ठेवणे, सर्व्हरचे सर्टिफिकेट मुदतबाह्य करून पाहणे, रेडियसची गुप्त खूण एका स्विचवर चुकीची टाकणे, या तिन्ही चाचण्या प्रयोगशाळेच्या एका स्विचवर अर्ध्या दिवसात झाल्या असत्या. खूण चुकली तर सर्व्हर विनंती नुसती टाकून देतो, आणि स्विचला तो मेलेला वाटतो. म्हणजे तिन्हींत पोर्ट सारखे वागत नाही, आणि हे आधी पाहिलेले असले की बिघाडाच्या वेळी शोध कुठून सुरू करायचा ते कळते.

एआरपी तपासणी याच उन्हाळ्यात आणायची घाई नको होती. कॅमेऱ्यांचे पत्ते आरक्षणावर आणण्यात जुलैचे दोन आठवडे गेले आणि तेवढा निरीक्षणाचा काळ आखडला. स्नूपिंग यंदा आणि एआरपी तपासणी पुढच्या वर्षी, अशी वाटणी चालली असती.

काट्यांचा निर्णय हंगामापुरता बरोबर होता, पण पोर्ट-सिक्युरिटीवर तो कायम ठेवण्यासारखा नाही. इंडिकेटर आणि काट्यावरचा संगणक एकाच केबिनमध्ये, एकमेकांपासून तीन मीटरवर आहेत. आरएस-२३२ ची तार पंधरा मीटरपर्यंत सहज चालते. कन्व्हर्टर मध्ये आला तो केवळ सॉफ्टवेअर सर्व्हरवरून थेट काटा वाचते म्हणून. पुढच्या बंद हंगामात सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून काट्यावरच्या संगणकातच वाचन घ्यायचे, कन्व्हर्टर काढायचे आणि मग त्या चार संगणकांच्या पोर्टवर सर्टिफिकेटसह ८०२.१एक्स लावायचे असा प्रस्ताव मंजूर झाला आहे. सर्व्हर मेला तर हे पोर्ट काट्यांच्याच व्हीलॅनमध्ये उघडे राहतील, आणि सर्व्हरने नकार दिला तरीही काट्यांच्या मर्यादित यादीतला एकच पत्ता दिसेल. तोवर लोखंडी पेट्यांच्या किल्ल्या पाळीप्रमुखाकडे आहेत, आणि पेटी उघडली की केव्हा, कोणी आणि कशासाठी याची काटा-नोंदवहीत सही होते.